नेम्ड ड्रायव्हरचे जुने क्लेम लपवू नका: ब्रिटनमधील महाराष्ट्र मंडळांना आणि सभासद कुटुंबांना खुले पत्र

प्रति,
ब्रिटनमधील सर्व महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी आणि सभासद कुटुंबे

विषय: कारच्या विम्यात दुसऱ्या चालकाचे (नेम्ड ड्रायव्हरचे) नाव जोडताना त्याचे आधीचे अपघात आणि क्लेम सांगण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

या देशात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला पहिला आधार मिळतो तो आपल्या मंडळांच्या व्हॉट्सअॅप गटांवर. घर भाड्याने कसे घ्यावे, जीपीकडे (स्थानिक डॉक्टरकडे) नाव कसे नोंदवावे, मुलांच्या शाळेचा अर्ज कधी भरावा, हे सगळे तिथे आपुलकीने सांगितले जाते आणि ते बहुतांशी बरोबर असते. मात्र त्याच गटांवर कारच्या विम्याबद्दल एक सल्ला वारंवार दिला जातो आणि तो वाचून मला खरोखर काळजी वाटते. सल्ला असा: 'पॉलिसी तुमच्या नावावर आहे ना? मग बायकोच्या जुन्या अपघाताचा इथे काय संबंध? नाही म्हणून टाका, दोनशे पौंड वाचतील.' कधी बायकोच्या जागी मुलगा असतो, कधी भाऊ, कधी भारतातून चार महिन्यांसाठी आलेले वडील. हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याची किंमत सल्ला देणाऱ्याला नव्हे तर तो मानणाऱ्या कुटुंबाला मोजावी लागते. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

असा सल्ला देणारे बहुतेक जण फसवणुकीच्या हेतूने तो देत नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यांच्या डोक्यात भारतातला विमा असतो. भारतात विमा गाडीचा असतो. तिथल्या पॉलिसीतील चालकाविषयीच्या कलमानुसार वैध परवाना असलेली कोणतीही व्यक्ती मालकाच्या संमतीने ती गाडी चालवू शकते. तिचे नाव आधी कळवावे लागत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, मालकाचा असतो, पहिल्या क्लेमविरहित वर्षानंतर २० टक्के आणि मग वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत. मेहुण्याने गाडी ठोकली तर बोनस मालकाचा जातो, मेहुण्याच्या नावावर काहीच चिकटत नाही. ज्याने पंधरा-वीस वर्षे हाच व्यवहार पाहिला आहे, त्याला दुसऱ्या चालकाचा इतिहास सांगण्याची गरज वाटत नाही, यात नवल नाही. (तरीही भारतातसुद्धा कंपनी बदलताना 'मागील वर्षी क्लेम घेतलेला नाही' असे खोटे लिहून बोनस घेतला, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई गमवावी लागते. तेव्हा खोटे उत्तर तिथेही चालत नाही. तिथे प्रश्न वेगळा आहे, इतकेच.)

ब्रिटनमध्ये विमा सर्वसाधारणपणे गाडीइतकाच चालकाचाही असतो. प्रमाणपत्रावर ज्यांची नावे आहेत त्यांनीच गाडी चालवायची, आणि हप्ता ठरतो तो त्या प्रत्येकाचे वय, व्यवसाय, परवाना, दंडाचे पॉइंट आणि अपघातांचा इतिहास पाहून. अनुभवी पत्नीचे नाव जोडल्यावर अनेकदा हप्ता कमी होतो, हे आपण सगळे अनुभवतोच. त्याचा अर्थ असा, की कंपनी तिचा इतिहास हिशेबात धरते आहे. तिच्या चांगल्या इतिहासाची सवलत घ्यायची आणि त्यातला अपघात तेवढा वगळायचा, हे एकाच वेळी करता येत नाही.

आता प्रश्न नेमका काय असतो तो पाहू. शब्द कंपनीगणिक थोडे बदलतात, पण आशय बहुधा असा असतो: गेल्या पाच वर्षांत तुमचा किंवा पॉलिसीवरील कोणत्याही चालकाचा एखादा अपघात, क्लेम किंवा नुकसान झाले आहे का, चूक कोणाचीही असो आणि क्लेम केलेला असो वा नसो? काही कंपन्या तीनच वर्षे विचारतात. हा प्रश्न सावकाश वाचला तर आपल्या गटांवरचे जवळजवळ सगळे वाद मिटतात. 'कोणत्याही चालकाचा' म्हटल्यावर पॉलिसी कोणाच्या नावावर आहे हा मुद्दाच उरत नाही. 'चूक कोणाचीही असो' म्हटल्यावर लाल सिग्नलला उभे असताना मागून कोणी धडकले असेल आणि पैसे समोरच्याच्या कंपनीने दिले असतील, तरी उत्तर 'होय' असते. अशा, आपली चूक नसलेल्या अपघातानेही कधीकधी हप्ता वाढतो, आणि तो वाढला की माणसाला अन्याय झाल्यासारखे वाटते. मलाही तो न्याय्य वाटत नाही. पण त्याबद्दल भांडायचे तर हप्त्याबद्दल भांडावे, दुसऱ्या कंपनीचा भाव काढावा. उत्तर बदलू नये.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो नवरा-बायकोच्या बाबतीत, म्हणून त्यावर थोडे थांबतो. समजा, गाडी आणि पॉलिसी पतीच्या नावावर आहे आणि पत्नी नेम्ड ड्रायव्हर आहे. पत्नी सुपरमार्केटच्या पार्किंगमधून गाडी मागे घेताना दुसऱ्या गाडीचा दरवाजा चेपते. क्लेम पतीच्या पॉलिसीवर होतो, नो क्लेम सवलत पतीची कमी होते. दोन वर्षांनी पत्नी नोकरीसाठी स्वतःची छोटी गाडी घेते आणि स्वतःच्या नावाने अर्ज भरते. 'क्लेम माझ्या पॉलिसीवर नव्हता, ह्यांच्या पॉलिसीवर होता' असे म्हणून ती 'नाही' लिहिते. इकडे पती नवी पॉलिसी घेताना 'गाडी मी चालवत नव्हतो, ती चालवत होती' असे म्हणून 'नाही' लिहितो. एक अपघात, दोन अर्ज आणि दोन्हीकडे चुकीचे उत्तर. खरे तर दोघांनीही सांगायला हवे: पतीने, कारण क्लेम त्याच्या पॉलिसीवर झाला, पत्नीने, कारण गाडी तिच्या हातात होती. आणि उद्या तीच पत्नी लेस्टरला राहणाऱ्या भावाच्या पॉलिसीवर पंधरा दिवसांसाठी नाव जोडून घेणार असेल, तर भावाच्या अर्जातही ती नोंद जायला हवी. अपघात माणसामागे जातो, पॉलिसी बदलली म्हणून तो मागे राहत नाही.

काही जण म्हणतात, आम्ही क्लेम घेतलाच नव्हता, फक्त फोन करून कळवले होते आणि दुरुस्ती खिशातून केली. मोटर इन्शुरर्स ब्युरो ही संस्था येथे एक सामायिक नोंदवही चालवते. तिचे नाव क्लेम्स अँड अंडररायटिंग एक्सचेंज, आणि ती १९९४ पासून अस्तित्वात आहे. तिच्यात केवळ पैसे मिळालेले क्लेम नसतात. नुसत्या कळवलेल्या घटनांचीही नोंद तिच्यात होऊ शकते. कंपन्या ही नोंदवही पाहतात. काही भाव देतानाच पाहतात, काही क्लेम आल्यावर. आपल्या लोकांच्या बाबतीत एक अडचण विशेष आहे. लग्नाआधीच्या अपघाताची नोंद माहेरच्या आडनावाने असते, कुठे मधले नाव असते, कुठे नसते, आडनावाचे स्पेलिंग दोन कागदांवर दोन प्रकारचे असते. त्यामुळे अर्ज भरताना नोंदीचा मेळ बसला नाही आणि पॉलिसी सहज मिळाली, म्हणून सगळे सुरळीत आहे असे समजू नये. मोठा क्लेम आला की चौकशी माणूस करतो, आणि माणसाला 'देशपांडे' आणि पूर्वाश्रमीची 'कुलकर्णी' एकच आहे हे जन्मतारखेवरून समजते.

'कंपनीकडे नोंद आहे, तर ती आम्हाला विचारते कशाला?' हा प्रश्नही गटांवर येतो. त्याचे उत्तर कायद्यात आहे. पूर्वी येथे १९०६ च्या सागरी विमा कायद्यातील तत्त्व सर्वच विम्यांना लागू होते. न विचारलेली पण महत्त्वाची गोष्टसुद्धा ग्राहकाने आपणहून सांगायची, अशी ती कडक जबाबदारी होती. सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने ती जाचक होती, म्हणून २०१२ मध्ये ग्राहकांच्या विम्यापुरता नवा कायदा झाला आणि तो ६ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. आता आपणहून काही सांगण्याची सक्ती राहिली नाही. कंपनी जे विचारते त्याचे उत्तर देताना चुकीची माहिती जाणार नाही एवढी वाजवी काळजी घेणे, हे आपले काम. ही सवलत फार मोठी आहे, पण तिची दुसरी बाजू तितकीच पक्की आहे: प्रश्न स्पष्ट विचारला असेल, तर तो कंपनीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे हे तुम्हाला माहीत होते, असे कायदा गृहीत धरतो. ते गृहीतक खोडून काढायचे तर पुरावा आपल्यालाच द्यावा लागतो. त्यामुळे 'याला एवढे महत्त्व असेल असे वाटले नव्हते' एवढेच म्हणून सहसा निभत नाही.

उत्तर चुकले तर काय होते, ते चूक कशी झाली यावर ठरते. जाणूनबुजून किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता उत्तर दिले, हे कंपनीने सिद्ध केले तर ती पॉलिसी मुळापासून रद्द करू शकते, सर्व क्लेम नाकारू शकते आणि भरलेला हप्ताही सहसा परत देत नाही. निष्काळजीपणाने चुकले असेल, तर खरे उत्तर मिळाले असते तेव्हा कंपनीने काय केले असते हे पाहिले जाते. तिने विमा दिलाच नसता, तर क्लेम नाकारून हप्ता परत मिळतो. जास्त हप्ता घेऊन दिला असता, तर भरपाई त्याच प्रमाणात कापली जाते. हा हिशेब आकड्यांतच पाहावा. समजा खरा हप्ता ९०० पौंड झाला असता आणि एक क्लेम वगळल्यामुळे तो ६०० पौंड बसला. म्हणजे दोन तृतीयांश हप्ता भरला. गाडीचे ९,००० पौंडांचे नुकसान झाले, तर कंपनी ६,००० पौंडांवर थांबू शकते, आणि त्यातूनही एक्सेस (क्लेममधला आपण स्वतः भरायचा ठरलेला वाटा) वजा होणार. वाचले ३०० आणि गेले ३,०००. ज्याच्यावर गाडीच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत, त्याचे पुढचे वर्ष यात वाहून जाते.

आता ज्या मुद्द्यासाठी मी प्रामुख्याने हे पत्र लिहितो आहे तो. पुष्कळांची अशी पक्की समजूत असते, की न सांगितलेला जुना अपघात ज्या चालकाचा आहे, तोच पुन्हा गाडी चालवत असेल तरच अडचण येईल. तसे नाही. अपघाताच्या वेळी गाडी स्वतः पॉलिसीधारक चालवत असला, नेम्ड ड्रायव्हर त्या वेळी घरी झोपलेला असला, किंवा गाडी दारातून चोरीला गेलेली असली, तरी भरपाई कमी होऊ शकते. कायदा न सांगितलेल्या गोष्टीचा नव्या अपघाताशी संबंध तपासत नाही. ती गोष्ट कळली असती तर करार वेगळा झाला असता का, एवढेच तपासतो. पत्नी वर्षातून दोनदा गाडी चालवते, तिचा अपघात चार वर्षांपूर्वीचा आहे, आणि आज पतीची गाडी पावसात मोटरवेवर घसरली. तरीही चौकशीत तिचा जुना अपघात निघतो आणि भरपाईतून रक्कम वजा होते. हे ऐकून लोक हबकतात. ते त्यांना अर्ज भरण्याआधी कळायला हवे.

समोरच्या माणसाचे नुकसान झाले असेल, तर ते बहुतेक वेळा कंपनीला भरावेच लागते. रस्त्यावरच्या त्रयस्थाला वाऱ्यावर सोडता येत नाही. पण ते पैसे नंतर विमाधारकाकडून वसूल करण्याची वाट कंपनीला कायद्याने मोकळी ठेवली आहे, आणि शारीरिक इजेच्या दाव्यात ही रक्कम घर हलवून टाकणारी असू शकते. शिवाय कोणत्याही कंपनीने एकदा पॉलिसी रद्द केली, की 'तुमची पॉलिसी कधी रद्द झाली आहे का' या पुढच्या प्रत्येक अर्जातील प्रश्नाला 'होय' लिहावे लागते, आणि त्यानंतरचे भाव दोनशे पौंडांच्या बचतीची आठवणही ठेवू देत नाहीत.

रिन्यूअलबद्दलही सांगितले पाहिजे. वर्षाच्या शेवटी येणाऱ्या पत्रात आपली आणि नेम्ड ड्रायव्हरची जुनी माहिती छापलेली असते आणि ती तपासून बदल असल्यास कळवा, अशी सूचना असते. आपण फक्त रक्कम पाहतो आणि पत्र ठेवून देतो. पण माहिती पक्की करा किंवा दुरुस्त करा असे कंपनीने सांगितलेले असताना आपण गप्प राहिलो, तर ते मौनही चुकीची माहिती ठरू शकते, असे २०१२ च्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. मधल्या वर्षात मुलाने मित्राच्या गाडीला खरचटवले असेल, तर ते या पत्राच्या वेळी सांगायचे असते. भाव तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर गेल्या वर्षीची उत्तरे आपोआप भरून येतात. तीही एकेक करून पाहावीत.

भारतातून येणाऱ्या आईवडिलांचा विषय वेगळा आहे. पर्यटक म्हणून आलेली व्यक्ती भारतीय परवान्यावर येथे बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवू शकते, त्यामुळे वडिलांचे नाव जोडण्यात गैर काही नाही. सर्वच कंपन्या त्याला तयार होत नाहीत, एवढेच. पण तेव्हाही तोच प्रश्न विचारला जातो, आणि प्रश्नात 'या देशातील' अशी मर्यादा घातलेली नसेल, तर पुण्यात किंवा नाशिकमध्ये झालेला अपघात आणि तिथे घेतलेला क्लेम उत्तरात येतो. तिथली नोंद इथे कोणाला दिसणार, हा विचार करूच नये. शंका असेल तर कंपनीला फोन करावा, भारतातील क्लेम सांगायचे का ते विचारावे, आणि उत्तर ईमेलवर मागून जपून ठेवावे.

मला वाटते, आपली खरी अडचण कायद्याची नाही, संकोचाची आहे. सासऱ्यांना 'बाबा, गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडून कुठे गाडी लागली होती का?' असे विचारणे सुनेला किंवा जावयाला अवघड वाटते. भावाला विचारले तर तो म्हणतो, 'माझ्यावर विश्वास नाही का?' मुलगा विद्यापीठाच्या गावी झालेली टक्कर घरी सांगतोच असे नाही. मग अर्ज भरणारा आपल्याला माहीत आहे तेवढेच लिहितो आणि सुटका करून घेतो. पण न विचारता 'नाही' लिहिणे ही वाजवी काळजी नव्हे. प्रत्येक चालकाला अपघाताची तारीख, गाडी कोणाची होती, चूक कोणाची ठरली आणि साधारण किती पैसे गेले, हे विचारून लिहून घ्यावे. कोणाला आठवत नसेल, तर त्याने मोटर इन्शुरर्स ब्युरोकडे स्वतःची नोंद मागावी. ती विनाशुल्क मिळते आणि सहसा महिन्याभरात येते. फक्त ती ज्याची त्यानेच मागायची असते. आणि मुलगाच गाडी रोज चालवणार असेल, तर वडिलांना मुख्य चालक दाखवून मुलाला नेम्ड ड्रायव्हर करणे ही चूक नसून फसवणूक आहे. तिला इथे 'फ्रंटिंग' म्हणतात आणि तिची गाठ २००६ च्या फसवणूकविरोधी कायद्याशी पडू शकते.

कंपन्याही धुतल्या तांदळासारख्या नाहीत, हेही इथे नोंदवतो. काही अर्जांत 'तुम्ही' म्हणजे फक्त विमाधारक की सगळे चालक, हे नीट कळत नाही. प्रश्न किती स्पष्ट आणि नेमका होता, याचा विचार करणे कायद्याने आवश्यक आहे. म्हणून ज्यांनी प्रामाणिकपणे उत्तर दिले आणि तरीही भरपाई कापली गेली, त्यांनी निमूट बसू नये. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. आठ आठवड्यांत अंतिम उत्तर आले नाही किंवा आलेले मान्य नसेल, तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे (वित्तीय कंपन्यांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेकडे) जावे. अंतिम उत्तरानंतर त्यासाठी सहा महिने असतात आणि ग्राहकाला खर्च येत नाही. तिथे पहिला प्रश्न हाच विचारला जातो, की कंपनीने नेमके काय विचारले होते. त्यासाठी अर्ज भरतानाच प्रश्नोत्तरांचे पान जपून ठेवावे.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती अशी. गटांवर 'नाही म्हणून टाका' असा सल्ला दिसला, की त्याखाली तत्काळ दुरुस्ती लिहावी. सल्ला देणाऱ्याला न दुखावता, पण स्पष्ट शब्दांत. नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी आपण जी माहितीपत्रके काढतो, त्यांत भारतातील आणि येथील विम्यातला हा फरक एका परिच्छेदात मराठीत द्यावा. १९३२ पासून लंडनमध्ये मंडळ चालवणाऱ्या समाजाला हे अवघड नाही. आणि ज्यांनी चालू पॉलिसीत एखाद्या चालकाचा क्लेम आधीच वगळला आहे, त्यांनी रिन्यूअलची वाट पाहू नये. याच आठवड्यात कंपनीला फोन करून तो नोंदवावा, वाढीव हप्ता भरावा आणि सुधारित कागदपत्रे ईमेलवर मागवून घ्यावीत.

आपला,
बर्कशायरमधील एक सभासद